भूकंपानंतरचं वाचनालय

आमच्या गावच्या वाचनालयात पाच लोखंडी कपाटं होती. जुन्या चावडीच्या मागच्या खोलीत ती भिंतीला टेकवून उभी केलेली. प्रत्येकावर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी डकवलेली : कथा-कादंबरी, चरित्र, धार्मिक, शेती व पशुसंवर्धन, आणि शेवटचं संकीर्ण. संकीर्ण म्हणजे काय हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या कपाटाचं दार नीट लागत नाही ते संकीर्ण, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. सरकारदरबारी आमचं वाचनालय 'ड' वर्गातलं. म्हणजे वर्गवारीत सगळ्यात खालचं. ग्रंथपालांना मिळायचं ते मानधन त्यांच्या तंबाखूला पुरायचं नाही. मार्चअखेर आला की अनुदान खर्ची टाकायला पुस्तकांचा गठ्ठा यायचा, आणि त्यात काय आहे हे उघडल्यावरच कळायचं. एका वर्षी तर एकाच पुस्तकाच्या सहा प्रती निघाल्या होत्या.

मी १९७६ साली दहावी झालो आणि औताला लागलो. पुढं शिकायची सोय नव्हती आणि खरं सांगायचं तर तेवढी आसही नव्हती. पण वाचायची खोड लागली होती. ती लावली बाबूराव अर्नाळकरांनी. न्हाव्याच्या दुकानात त्यांच्या बारक्या बारक्या रहस्यकथा पडलेल्या असायच्या, कव्हर गेलेल्या, कधी शेवटचं पान फाटलेल्या. शेवटचं पान नसलं की खुनी कोण ते आपणच ठरवायचं. अर्नाळकरांनी असल्या हजारावर कथा लिहिल्या म्हणतात. शिकलेली माणसं त्यांचं नाव निघालं की हसतात. मी हसत नाही. पान उलटायला लावणं ही काय चीज आहे ते मला त्या पुस्तकांनी दाखवलं, आणि पुढं कितीतरी नावाजलेल्या कादंबऱ्या मी त्या मापानं मोजून अर्ध्यात ठेवून दिल्या. त्यातल्या दोनचार बाबतीत चुकलो असेन. बाकीच्यांचं मला काही वाईट वाटत नाही.

तर वाचनालयात जायचं ते सरळ पहिल्या कपाटापाशी. 'स्वामी' वाचली, 'मृत्युंजय' वाचली. 'मृत्युंजय' तर आमच्या गावात एवढी फिरली की तिची शिवण उसवली आणि आमच्या एका सोयऱ्यानं ती पोतं शिवायच्या दाभणानं शिवून दिली. मग कुणीतरी सांगितलं की आपल्या माणसांचीही पुस्तकं असतात. तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि आनंद यादवांचा 'गोतावळा' वाचला. 'गोतावळा' वाचून मी रात्रभर गोठ्यात जाऊन बसलो होतो. ट्रॅक्टर आल्यावर दावणीची जनावरं एकेक करून जातात, ती गोष्ट. आमच्या दावणीचा एक बैल त्याच साली बाजार दाखवलेला होता.

असं सतरा वर्षं चाललं. पाचांतलं एक कपाट माझं, बाकीची चार दुसऱ्या कुणाची तरी. चरित्राचं कपाट मास्तरांचं, धार्मिक म्हाताऱ्यांचं, शेतीचं कुणाचंच नाही. कारण शेती करणारा माणूस शेतीचं पुस्तक कशाला वाचेल? आणि चरित्राच्या खालच्या फळीवर काही पुस्तकं होती, ती वस्तीतली पोरं न्यायची. त्या फळीवर चिठ्ठी नव्हती. पण चिठ्ठी असल्यासारखीच आम्ही ती ओलांडत नव्हतो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. किल्लारीकडं काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली घरंच्या घरं गेली. आमचं गाव तिथून लांब. आमच्याकडं माणूस दगावलं नाही. पण भिंती फाटल्या, आणि चावडीची मागची भिंत आत आली ती थेट कपाटांवर. वर पाऊस लागला. ग्रंथपाल आणि शाळेतल्या पोरांनी पुस्तकं मातीतून वेचली, पोत्यात भरली, बैलगाडीत घालून शाळेत नेली. पुढं पत्र्याची खोली मिळाली तेव्हा कपाटं ठोकून सरळ केली आणि पोती त्यात रिकामी केली. जसं हाताला येईल तसं. चिठ्ठ्या मात्र जिथल्या तिथं होत्या. ग्रंथपाल म्हणायचे, "लावू की सवडीनं." ती सवड त्यांना मरेपर्यंत मिळाली नाही.

त्या हिवाळ्यात गावातलं कुणी छताखाली झोपत नव्हतं. आम्ही शेतातच कोपी घालून होतो. ज्वारी हुरड्यात येत होती, पाखरं होती, रात्री डुकरं होती. जागंच राहायचं, तर कंदिलाच्या उजेडात वाचायचं. मी 'कथा-कादंबरी' चिठ्ठीच्या कपाटात हात घालायचो आणि भलतंच काही तरी यायचं. कादंबरी म्हणून उचललं तर निघायचं पंचायत राज. पण काही वेळा असंही निघालं की जे मी चिठ्ठी बघून सात जन्मात उचललं नसतं. त्यातल्या चारपाच पुस्तकांबद्दल लिहायचं म्हणून हा लेख.

पहिलं 'पाडस'. हे भूकंपानं हललेलं नव्हतं. नंतर रजिस्टर बघितलं तेव्हा कळलं की ग्रंथपालांनी नावावरून ते आधीच पशुसंवर्धनात नोंदवलेलं होतं. आमच्या बैलाला खुरकूत झाली होती, म्हणून मी त्या कपाटाकडं गेलो आणि हे घेऊन आलो. मार्जोरी रॉलिंग्ज नावाच्या बाईची अमेरिकेतली कादंबरी, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली. फ्लोरिडाच्या रानातलं एक गरीब शेतकऱ्याचं घर. पोरगा ज्योडी हरणाचं पाडस पाळतो. पाडस मोठं होतं आणि मक्याचे कोंब खाऊन टाकतं. पुन्हा पेरतात, कुंपण उंच करतात, तरी ते उडी मारून आत येतंच. बाप अंथरुणाला खिळलेला. शेवटी ते मारायचं ठरतं.

ह्या पुस्तकावर शहरातल्या माणसांनी लिहिलेलं मी पुढं वाचलं. पोराचं बालपण संपलं, निरागसता गेली, असं ते लिहितात. खोटं नाही ते. पण ते लिहिताना मक्याकडं कुणी बघत नाही. मी कोपीत बसून वाचत होतो तेव्हा माझ्या चाहूरभर हरभऱ्याचे शेंडे हरणांनी आठ दिवसांपूर्वी खुडून नेले होते. मला पहिल्यांदा मक्याचं वाईट वाटलं, आणि मग त्या मक्यासाठी पोराला काय करावं लागतं ते वाचून पुस्तक खाली ठेवलं. ह्या पुस्तकाची ताकद अशी की त्यात वाईट कुणीच नाही. आई कठोर आहे. पण तिच्या कणगीत किती दाणे आहेत ते आपल्याला माहीत झालेलं असतं. 'ग्रामीण' म्हणून जे आम्हाला देतात त्यात बऱ्याचदा एक सावकार असतो, एक पाटील असतो, आणि सगळं त्यांच्यामुळं होतं. इथं नुसती भूक आहे आणि उडी मारणारं हरीण आहे. शेतकऱ्याबद्दल मी वाचलेल्या पहिल्या चार पुस्तकांत मी 'पाडस' धरतो, आणि त्यात मराठी शेतकरी औषधाला नाही.

माडगूळकरांचं 'सत्तांतर' संकीर्णात होतं. बहुतेक राजकारणाचं असावं म्हणून. निघाली वानरांची गोष्ट. टोळी, तिचा नर, नवा नर येतो तेव्हा काय होतं ते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात मी ते वाचलं, त्यामुळं ग्रंथपालांची अगदीच चूक होती असं म्हणता येत नाही.

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' धार्मिकमध्ये होतं. भटजीचं पुस्तक, म्हणजे पूजाविधी असणार! अशी किती पुस्तकं आपल्या नावापायी कोंडून पडली असतील. हा माणूस पेण भागातल्या वरसई गावचा. १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला आणि बंडात सापडला. झाशीच्या वेढ्यात तो आत होता. पुस्तक छापून निघालं ते १९०७ साली. लोक ते झाशीच्या राणीसाठी वाचतात. मी मात्र पहिल्या पानांवरच अडकलो, कारण हा घरातून निघाला तो कर्जापायी. घरावर देणं होतं. म्हणून एवढा लांबचा रस्ता. इतिहासाची पुस्तकं सांगतात की अमका अमक्या मोहिमेवर गेला. देणं फेडायला निघालेला माणूस मोहिमेत सापडतो, हे मला इथं पहिल्यांदा वाचायला मिळालं. वाटेत मिळालेलं लुटलं जातं, पुन्हा मिळवतो, पुन्हा लुटलं जातं. आमच्याकडचं ऊसतोडीला गेलेलं बिऱ्हाड परत येतं आणि उचल फिटलेली नसते, तसंच थेट. आणि तरी तो माणूस आईबापांसाठी गंगेचं पाणी घेऊन घरी येतो. लिहिताना कुठं रडत नाही, कुठं फुशारकी मारत नाही. राणीला बघितलं तेही, आणि जेवायला काय मिळालं तेही, एकाच सुरात सांगतो. जेवणाचं जरा जास्तच सांगतो. पण भुकेला माणूस खरंच तसं सांगतो.

'एक होता कार्व्हर' हे वीणा गवाणकरांचं पुस्तक नंतर सगळ्यांनी वाचलं, शाळांत बक्षीस म्हणून दिलं. मला ते त्याच सरमिसळीत मिळालं. गुलामाचं पोर, आईबापावाचून वाढलेलं, शिकतं, आणि कापसानं नासलेल्या जमिनीला भुईमूग आणि रताळी सांगतं. गाडीवर शाळा घालून शेतकऱ्यांच्या दारी जातं. हे वाचून मी दोन वर्षं उकिरड्याचं खत नीट खड्ड्यात कुजवलं, हे कबूल करतो. फारच थोडी पुस्तकं माणसाला खड्डा खणायला लावतात. तरी एक तक्रार आहे. चरित्र लिहिणारे माणसाच्या पायाशी बसून लिहितात, त्यामुळं त्यांना पाय तेवढे दिसतात. कार्व्हर किती थोर होता ते मला पानोपानी समजलं. त्याचं ऐकून ज्यानं भुईमूग पेरला त्या शेतकऱ्याच्या हातात साल संपल्यावर किती पैसे उरले, हे मी शोधत राहिलो. माझं समाधान झालं नाही. शेतकरी वाचक हा असा. त्याला कुठल्याही गोष्टीच्या शेवटी पट्टी लागते.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' माझ्या बायकोनं आधी वाचलं. ती चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचते. चैत्र, वैशाख अशी नावं बघून तिला ते पंचांग वाटलं होतं. दहाबारा पानं झाल्यावर म्हणाली, "ह्या बाईला खुरपं ठावं न्हाई, पन फूल ठावं हाय." मला ह्याहून नेमकी समीक्षा आजवर जमलेली नाही. त्या पुस्तकात घाम नाही. उन्हाळा आहे, पण उन्हात कुणी काम करत नाही. पण आमच्या बांधावरच्या पळसाला मी इतकी वर्षं नुसतं जळण म्हणून बघत होतो, आणि त्याला पानं कधी फुटतात ते मला सांगता आलं नसतं. ते मला मुंबईच्या बाईनं सांगितलं. थोडी लाज वाटली.

इथवर जे सांगितलं ते तसं सुखाचं आहे. आता दुसरं सांगतो.

संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारी १९९४ ला, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच आठवड्यात माझ्या कोपीत दोन पुस्तकं होती. एक त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा', १९१५ सालचं. ते 'शेती'त मिळालं. दुसरं दया पवारांचं 'बलुतं', १९७८ सालचं, ते मिळालं चक्क 'कथा-कादंबरी'च्या चिठ्ठीखाली. खालच्या फळीवरचं ते पुस्तक भूकंपानं वर आणून ठेवलं होतं. मी नाव वाचलं आणि मला वाटलं, दोन्ही पुस्तकं एकाच विषयाची आहेत. तशी ती आहेतच.

'गावगाडा' आधी वाचलं. कुणब्याबद्दल एवढ्या बारकाईनं कुणी लिहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं. काळी आणि पांढरी, कुणाचा काय हक्क, खळ्यावर कोण कोण येऊन काय काय नेतं, बलुतेदार किती, फिरस्ते किती, सगळं. आत्र्यांचा कल असा की कुणब्याच्या राशीला बाराजण लागलेले आहेत, आणि तो बिचारा राबून राबून सगळ्यांना पोसतो. मला ते फार आवडलं. आमच्या आज्याच्या तोंडचंच ते बोलणं होतं, पण छापलेलं. आपलंच म्हणणं शिकल्यासवरल्या माणसानं छापलं की माणूस फुगतो, तसा मी फुगलो.

आणि त्याच फुगलेल्या अंगानं 'बलुतं' उघडलं.

आमच्या खळ्यावर, मी सातआठ वर्षांचा असताना, एक म्हातारा यायचा. वस्तीतला. त्या वस्तीला तेव्हा सगळे महारवाडा म्हणत, आता ते भीमनगर आहे. रास मापून झाली की तो लांब उभा राहायचा आणि आजा त्याच्या धोतराच्या ओच्यात ज्वारी घालायचा. मी ते बघत वाढलो. एका साली तो आला नाही. त्याच्या मुलानं सांगून पाठवलं की यापुढं आमच्यातलं कुणी यायचं नाही. आज्यानं एक शब्द उच्चारला : "माजलेत." तो शब्द माझ्या डोक्यात बसला, आणि मी मोठा होईपर्यंत तो तिथंच होता. त्या म्हाताऱ्याचा नातू माझ्या वर्गात होता. दहावीपर्यंत एका बाकावर नाही, पण एका वर्गात. तो पुढं औरंगाबादला शिकायला गेला. १९७८ च्या पावसाळ्यात नामांतरावरून मराठवाड्यातली गावं पेटली तेव्हा तालुक्याला एक मोर्चा निघाला होता. ट्रॅक्टर भरून माणसं गेली. त्यात मी होतो. अठरा वर्षांचा होतो, कशाला चाललोय ते नीट ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण गेलो होतो, हेही तेवढंच खरं. आमच्या गावात कुणाचं घर जळालं नाही. नुसतं बोलणं बंद झालं, ते पंधरा वर्षं बंद राहिलं.

दया पवारांच्या पुस्तकात ती ओच्यातली ज्वारी पलीकडून दिसते. ती मिळण्यासाठी वर्षभर काय काय करावं लागायचं त्याची यादी आहे. मेलेलं जनावर ओढणं, परगावी मरणाची खबर पोचवणं, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढं पळणं. आत्र्यांच्या पुस्तकात ही कामं आहेत, पण ती हिशेबाच्या एका बाजूला बसवलेली आहेत. इथं ती अंगावर येतात. मी 'गावगाडा' पुन्हा उघडलं आणि तीच पानं काढली. तोच गाव, तेच खळं, तीच रास. फरक एवढाच की एका पुस्तकात लिहिणारा राशीपाशी बसलाय आणि दुसऱ्यात लांब उभा आहे. ह्यातलं एकच वाचलेल्या माणसाला आपण गाव वाचलाय असं वाटणार. मला तसंच वाटत होतं.

पण 'बलुतं' ह्या एवढ्यासाठीच मोठं, असं मी म्हणणार नाही. नुसत्या अन्यायाची यादी असती तर मी कदाचित वाचून, हळहळून, विसरलो असतो. हळहळणं सोपं असतं. 'मृत्युंजय' वाचताना आमचं अख्खं गाव कर्णासाठी हळहळलं होतं. सूतपुत्र म्हणून त्याला सभेत बोललं जातं ते वाचून आमच्या चावडीत माणसांनी डोळे पुसले होते, आणि त्याच चावडीत वस्तीतला माणूस आला तर पायरीवर बसायचा. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. 'बलुतं' तशी सोय ठेवत नाही. दया पवार स्वतःलाही सोडत नाहीत. शिकून साहेब झालेला दया पवार आणि गावचा दगडू मारुती पवार असे एकाच माणसाचे दोन माणूस समोरासमोर बसवलेत, आणि दगडू बोलतो. बापाचं पिणं सांगतो, मुंबईच्या कावाखान्यातलं जगणं सांगतो, आपलं कुठं कुठं चुकलं तेही झाकत नाही. जो स्वतःचंच एवढं उघडं करून सांगतो, त्याच्यापुढं वाचणाऱ्याला झाकून ठेवायला जागा राहत नाही. मला तो मोर्चा आठवला तो ह्या पुस्तकात मोर्चा आहे म्हणून नाही, तर हा माणूस आपली लाज सांगतोय आणि आपण काय सांगितलंय कधी, असं वाटलं म्हणून.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा ग्रंथपालांना रजिस्टर मागितलं. देवघेवीचं जुनं रजिस्टर भिजून फुगलेलं होतं, पण नावं लागत होती. 'बलुतं' बारा वर्षांत बरेच वेळा बाहेर गेलेलं होतं. नावं सगळी वस्तीतली. गावातलं पहिलं नाव माझं, भूकंपानंतरचं. मग मी उलटं बघितलं. 'गोतावळा' कुणी कुणी नेलाय? सगळी नावं गावातली. वस्तीतलं एकही नाही. एकाच खोलीतली दोन पुस्तकं, त्यांच्यामध्ये तीन हातांचं अंतर. लेखकांनी असं सांगितलं नव्हतं. आम्हीच वाटणी करून घेतली होती, बांध घालून.

घरी येऊन 'गोतावळा' पुन्हा काढला. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, आणि माझ्या लेखी ती आमची गोष्ट होती : शेतकऱ्याची आणि त्याच्या जनावरांची. आता वाचायला बसलो आणि पहिल्यांदा ध्यानात आलं की ही गोष्ट शेतकरी सांगतच नाही. नारबा सांगतो. आणि नारबा गडी आहे. रान मालकाचं, जनावरं मालकाची, ट्रॅक्टर आणणारा मालक आणि जनावरं विकणाराही मालक. मी त्या रात्री गोठ्यात जाऊन बसलो होतो तो नारबा होऊन. पण आमच्या गोठ्यात मी नारबा नव्हतो. आमच्याकडं एक सालगडी होता, मी बसलो त्या रात्री तो पलीकडं गोणपाटावर झोपलेला होता. पुस्तक चांगलं असलं की असंही होतं. इतक्या सोप्या बोलीत, इतक्या जवळून सांगतं की वाचणारा आपण कोण ते विसरून भलत्याच जागी जाऊन बसतो. हा यादवांचा गुण आहे की दोष, मला अजून ठरवता आलेलं नाही. बोली त्यांची कोल्हापूरकडची, आमची मराठवाड्याची, तरी एक शब्द अडत नाही. कदाचित तेवढं अडायला पाहिजे होतं.

त्यानंतर मी चिठ्ठ्या बघणं सोडलं. त्यात फायदा झाला तसा तोटाही झाला, तो लपवत नाही. यशस्वी कसं व्हावं ह्याची पुस्तकं हाती आली, ती वाचून यश आलं नाही. पाहुण्यारावळ्यांनी पदरमोड करून छापलेले कवितासंग्रह आले, त्यांच्यावर बोलावं लागू नये म्हणून मी दोन लग्नं चुकवली. नारायण धारपांची भुताची पुस्तकं कोपीत वाचायची नसतात हेही कळलं. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांतलं निम्मं समजलं नाही, पण निम्मं समजून एवढी मजा येते तर सगळं समजणाऱ्याला किती येत असेल, असं वाटलं. वाचता वाचता एक सवय लागली. पुस्तक कोणत्या प्रकारचं आहे हे विचारायचं नाही. सांगणारा कुठं उभा आहे ते बघायचं.

माझा तो वर्गमित्र जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाला आणि चारपाच वर्षांपूर्वी गावात राहायला आला. बोलणं हळूहळू सुरू झालं होतं, पण पाऊसपाण्याचं. एक दिवस वाचनालयात भेटला. मी त्याला रजिस्टरची गोष्ट सांगितली. मोर्चाचीही सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ठाऊक हाय मला. ट्रॅक्टर आमच्याच वस्तीवरून गेला की." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "तो 'गोतावळा' म्या कधी वाचला न्हाई बघ. आम्हाला वाटायचं ते तुमचं पुस्तक. दे काढून."

काढून दिला. पंधरा दिवसांनी तो माझ्या वस्तीवर आला, पुस्तक पिशवीत घेऊन. बाजेवर बसला, पाणी प्याला. चांगलं आहे म्हणाला, भाषा फार चांगली आहे म्हणाला. मग विचारलं,

"तू दोनदा वाचलास न्हवं? मग सांग, नारबाचं साल किती ठरलं होतं?"

मी आठवून बघितलं. जनावरं सांगता आली असती मला, एकेक. साल आठवेना.

"मला बी आठवंना," तो म्हणाला, "रातीच वाचून झालंय तरी." आणि पिशवीतून पुस्तक काढून चष्मा लावला. मीही माझा चष्मा आणायला आत गेलो.